एकादशीच्या ताटातले पाहुणे

येत्या एकादशीला आपल्या घरी काय काय होणार आहे, ते क्षणभर डोळ्यांपुढे आणा. साबूदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, वऱ्याचे तांदूळ, रताळ्याच्या गोड फोडी आणि या सगळ्यांत पडलेली हिरवी मिरची. हे ताट आपण अनादी काळापासून चालत आलेले मानतो. आता एकच प्रश्न स्वतःला विचारा. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. त्या वेळच्या एकादशीला यातले काय असू शकत होते?

फार तर वरी. बाकीचे सगळे पाहुणे आहेत, आणि तेही समुद्रापलीकडचे. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची या चारही पिकांचे माहेर अमेरिका खंड. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतले, आणि त्यानंतर ही रोपे हळूहळू आपल्या किनाऱ्यावर रुजली. ‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगीज. पोर्तुगिजांकडे तो कॅरिबियन बेटांवरून आला, आणि तिथे तो रताळ्याचे नाव होता! म्हणजे रताळ्याचे नाव बटाट्याने पळवले आणि दोघेही आपल्या उपवासाला येऊन बसले.

साबूदाण्याची कथा आणखी वळणाची आहे. ‘सागू’ हा मलाया भागातला शब्द. तिकडे सागू नावाच्या ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातून पीठ काढून त्याचे दाणे करत, आणि ते जहाजाने इकडे येत. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, तो सगळा प्रदेश जपानने घेतला आणि ही आयात थांबली. मग तामिळनाडूतल्या सेलम भागात टॅपिओका नावाच्या कंदापासून तसेच दाणे करण्याचा धंदा उभा राहिला. हा कंदही मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आज आपण भिजत घालतो तो साबूदाणा या कंदाचा; जुन्या सागूच्या झाडाशी त्याचे फक्त नावापुरते नाते उरले आहे.

इथे एखादा जाणता वारकरी मला थांबवील. तो म्हणेल, “अहो, सावता महाराजांच्या त्या अभंगात मिरची आहेच की!” आहे, माउली. मळ्यातल्या भाजीपाल्यात विठाई पाहणारा तो अभंग आपल्या सगळ्यांना पाठ आहे, आणि त्यात लसणीशेजारी मिरचीचे नाव येते. पण सावता महाराजांनी अरण गावी देह ठेवला तो १२९५ मध्ये. मिरचीचे रोप या देशात यायला त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे जायची होती. मग हे कसे?

काहींना वाटते, इथे मिरची म्हणजे मिरी असावी. कारण ‘मिरची’ हा शब्द ‘मरीच’ या मिऱ्याच्या संस्कृत नावावरूनच आलेला आहे. पण मिरीचा वेल अरणच्या कोरड्या रानात कुठला? तो दमट हवेचा, मलबारचा. मला दुसरा उलगडा अधिक पटतो. हे अभंग शतकानुशतके मुखोद्गत होते. कीर्तनातून, दिंडीतून, शेताच्या बांधावरून ते एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेले. कुण्या माळ्याने आपल्या मळ्यात नवे पीक लावले आणि त्याच प्रेमाने ते अभंगातही लावले असेल. अभंग त्यामुळे खोटा ठरत नाही. उलट तो कुणाच्या तोंडी जगला, याचीच ही खूण आहे. गंमत अशी की मिरचीच्या भारतातल्या अगदी जुन्या उल्लेखांपैकी एक कन्नड संत पुरंदरदासांच्या पदात असल्याचे खाद्येतिहासाचे अभ्यासक के. टी. अच्चय यांनी सांगितले आहे. पुरंदरदास १५६४ मध्ये निवर्तले, आणि त्यांची नाममुद्रा होती ‘पुरंदर विठ्ठल’. परदेशी पाहुणीला भक्तीच्या घरात पहिली ओसरी मिळाली ती विठोबाच्याच!

हे पाहुणे उपवासात शिरले कसे? एकादशीला वर्ज्य मानले ते धान्य, आणि कंदमुळांना मुभा होती. नवे कंद आले तेव्हा जुन्या निषेधाच्या याद्यांत त्यांचे नाव असणे शक्यच नव्हते. जे नाकारलेले नाही ते चालते, असा सरळ हिशेब घराघरांतल्या बायकांनी केला असावा, असे मला वाटते. त्यात चूक काही नाही. मात्र एका घरी कोथिंबीर चालते आणि शेजारी चालत नाही, यावरून आपण जे वाद घालतो, त्यांना या इतिहासापुढे फारसा अर्थ उरत नाही.

पाहुणे येण्याआधी घरचे काय होते, ते पाहायला कोकणात चला. राजापूर तालुक्यातले नाटे घ्या. जैतापूरच्या खाडीच्या तोंडाशी यशवंतगड, खाली मासळीचे बंदर, वर जांभ्याचा सडा. अशा गावात गळ्यात माळ घालणे म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकाला सांगावे लागेल. शेजारच्या चुलीवरचा वास रोज नाकाशी येतो आणि माळकऱ्याच्या घरी कुळथाचे पिठले शिजते. आषाढी येते ती ऐन लावणीत. चिखलात उभे राहून रोपे लावायची असताना पंढरीची वाट कशी धरणार? म्हणून कोकणचा वारकरी बहुधा कार्तिकीला किंवा माघीला निघतो, आणि आषाढीचा उपवास शेतात, पाठीवर इरले घेऊन घडतो.

त्या उपवासाला बळ देणारे अन्न डोंगराच्या उतारावर पिके. भात खाली मळ्यात. वर वरकस जमिनीत नाचणी, वरी, हरीक. रत्नागिरी जिल्ह्याच्या १८८० च्या गॅझेटियरमध्येही या हलक्या धान्यांची नोंद आहे. राब भाजायचा, रोपे करायची, एका वर्षी नाचणी, मग वरी, मग हरीक, आणि मग जमीन काही वर्षे पड टाकायची. हरीक कधी कधी ‘माजतो’, खाणाऱ्याला गुंगी येते, हे जुन्या लोकांना ठाऊक होते, आणि तो ते जपून वापरत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

वरी पिकली म्हणजे ताटात आली असे नाही. तिचा दाणा मोहरीहून थोडा मोठा, आणि टरफल चिवट. कापणी झाली की झोडायची, उन्हात कडकडीत वाळवायची, जात्यावर हलक्या हाताने भरडायची, सुपात पाखडायची. उरलेले टरफल काढायला उखळात नाहीतर जमिनीत पुरलेल्या व्हायनात कांडायची, पुन्हा पाखडायची, पुन्हा कांडायची. जोर जास्त झाला तर कण्या होतात, कमी झाला तर कोंडा दाताखाली येतो. एकादशीच्या एका जेवणासाठी आदल्या दिवसाची सकाळ जाई. ‘साधे घरचे जेवण’ असे आपण किती सहज म्हणतो! ते जेवणाऱ्याला साधे होते.

वरीच्या जोडीला परसातले असे. हिवाळ्यात खणलेली कणगर आणि सुरण. उन्हाळ्यात केलेली फणसपोळी. मातीत पुरून जपलेल्या आठळ्या, ज्या आषाढात उकडून खायच्या. नारळ तर बाराही महिने. तिखटपणा आल्याचा नाहीतर मिऱ्याचा.

मग काळ पालटला. १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा पाया पडला आणि पुढच्या शंभर वर्षांत कोकणातले तरुण गिरणगावात गेले. मुसाकाजी बंदरात आगबोट लागे आणि चाकरमान्यांच्या ट्रंकेतून मुंबईचा बाजार उतरे. गावात पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. उतारावर नाचणी-वरीच्या जागी आंबा-काजूची कलमे उभी राहिली. (काजूही पोर्तुगिजांचाच पाहुणा, आणि या पाहुण्याने तर घरच चालवायला घेतले.) बायकांच्या पाठीचे कष्ट वाचले, हे मी आनंदाने लिहितो. जात्यावरच्या ओव्यांसाठी हळहळणारे बहुतेक लोक जात्यावर कधी बसलेले नसतात. पण त्याबरोबर वरी परकी झाली. आज कोकणातल्या दुकानातही जी वरी, म्हणजे भगर, मिळते, ती बहुतेक नाशिककडच्या गिरण्यांतून सडून येते.

आता त्या हरिकाकडे परत येऊ. अलीकडच्या वर्षांत महाशिवरात्र, आषाढी, नवरात्र झाले की भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वाचायला मिळतात. उलट्या, चक्कर, हातापायांना कंप. कारण बहुधा एकच असते: ओलसर साठवणीत दाण्यावर किंवा पिठावर वाढलेली बुरशी. तिचे विष नुसत्या शिजवण्याने जाईलच असे नाही. यात्रेत किंवा सप्ताहात एकाच कढईतून शेकडो लोक जेवतात, तेव्हा एका जुन्या पोत्याची किंमत मोठी पडते. अन्न व औषध प्रशासन दरवेळी जे सांगते ते थोडक्यात असे. सुटी भगर घेऊ नका, पाकिटावरची तारीख पाहा, तयार पीठ आणू नका, अख्खी वरी निवडून, धुऊन घरीच दळा आणि लागेल तेवढीच दळा. फराळाची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींनी यापलीकडे आणखी एक करावे. उरलेली पोती पुढच्या वारीसाठी ठेवू नयेत.

‘घरीच दळा’ म्हणताना कोणी दळायचे, हेही बोलले पाहिजे. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण खाणाऱ्याला लागते, पण दुप्पट राबणारी कोण असते? उपवासाच्या दिवशी सकाळपासून वडे, थालीपीठ, आमटी, भाजी, कीस, खीर. मुलांचे वेगळे, उपवास नसणाऱ्यांचे वेगळे. हरिपाठाला घरातली बाई शेवटी येऊन टेकते, हात पुसत. गोपाळपूरला जनाबाईंचे जाते दाखवतात. त्या कथेत देव नैवेद्य मागायला येत नाही, खुंटा धरायला येतो. कथा आपण डोळे मिटून ऐकतो आणि घरी येऊन विचारतो, वडे झाले का?

म्हणून या आषाढीला जुने ताट एकदा करून पाहा, आणि पुरुष मंडळींनी हाताने करा. वाटीभर अख्खी वरी निवडा, दोन-तीन पाण्यांनी धुवा, चार तास भिजवा. मूठभर ओले खोबरे, आल्याचा तुकडा, मीठ घालून वाटा, मिक्सर चालेल. पीठ पातळ ठेवा, ताकासारखे. बिडाचा तवा चांगला तापला की कडेकडून ओता, झाकण ठेवा, जाळी पडली की घावन उलटा. पहिले एखादे चिकटेल, ते करणाऱ्याने खावे. सोबत नारळाच्या रसात गूळ आणि चिमूटभर वेलची. परसात आठळ्या असतील तर मिठाच्या पाण्यात उकडा. एवढेच, आमटी नको, वडे नकोत. साबूदाण्यात जवळपास निव्वळ पिष्टच असते, हे मधुमेह असलेल्या वारकऱ्याला डॉक्टरांनी सांगितलेलेच असेल. वरीत निदान थोडी प्रथिने आणि चोथा असतो. अर्थात तीही बेतानेच खावी.

पीठ उरले तर झाकून थंड जागी ठेवा आणि द्वादशीच्या सकाळी त्यात तांदळाचे पीठ मिसळून पुन्हा घावनेच घाला. पारण्याला उशीर होत नाही, आणि पाऊस असेल तर उजाडताच लावणीला जायचे असते.