डाग खाणाऱ्या पावडरीचे कूळ

कपडे धुण्याच्या पावडरीच्या पुड्यावर बारीक अक्षरांत ‘एन्झाइम’ असे छापलेले असते. नवी मुंबईतल्या नेरुळ-वाशीच्या सोसायट्यांत ती रोज मशीनमध्ये पडते आणि वरणाचा, दुधाचा, रक्ताचा डाग निघतो. या एन्झाइमचे कूळ मातीतल्या जिवाणूंचे आहे. त्याचे भाऊबंद याच शहराच्या कडेला, ठाणे खाडीच्या खारफुटीतही नांदतात. तिथे चिखलात पडलेला पालापाचोळा कुजवायचे काम त्यांचेच.

जिवाणूला तोंड नसते. साखर किंवा अमिनो आम्लांसारखे लहान रेणू त्याला आत घेता येतात. पिष्ट, प्रथिने, सेल्युलोज यांचे लांबलचक रेणू आत जात नाहीत. म्हणून तो एन्झाइम बाहेर सोडतो, अन्न बाहेरच तोडतो आणि तुकडे आत ओढतो. हे म्हणजे अंगणात चूल मांडून रांधणे. पहिला घास कावळ्याने पळवला तर बोलायची सोय नाही. त्यामुळे हिशेब चोख लागतो. मातीत सर्वत्र आढळणारा बॅसिलस सबटिलिस आयते ग्लुकोज मिळत असेल तर पिष्ट तोडणारे अमायलेज बनवण्यात हात आखडता घेतो. अन्न संपत आले की मात्र प्रथिने तोडणारे प्रोटीएज सढळपणे सोडतो. शिवाय जशी वस्ती तसे एन्झाइम: खाडीतल्या जिवाणूंचे मिठात टिकते, क्षारयुक्त तळ्यातल्यांचे क्षारात.

माणसाने सुरुवात केली ती जनावरापासून. जर्मनीतल्या ओटो र्‍योमने १९१३ मध्ये जनावरांच्या स्वादुपिंडातला पाचक रस धुलाईत वापरण्याचे पेटंट घेतले. कल्पना अस्सल होती, पण आतड्यात काम करायला घडलेला तो रस धुण्याच्या सोड्यात फारसा तग धरत नसे.

पुढचा दुवा कपड्यांच्या वाटेला गेलेलाच नव्हता. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रोम-लांग आणि ओत्तेसेन अंड्यातल्या पांढऱ्याच्या प्रथिनावर काम करत होते. एका द्रावणात बॅसिलस सबटिलिस शिरला आणि नेहमीच्या सुईसारख्या स्फटिकांऐवजी पातळ पापुद्र्यासारखे स्फटिक पडू लागले. जिवाणूच्या एन्झाइमने प्रथिनाचा लचका तोडला होता. १९४७ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्या एन्झाइमला पुढे सबटिलिसिन नाव मिळाले. द्रावण नासले म्हणून कोणी ते मोरीत ओतले असते, तर ही कथा निदान तिथे तरी थांबली असती.

१९५९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ‘बायो ४०’ ही जिवाणूचे प्रोटीएज घातलेली पावडर बाजारात आली. पाठोपाठ डेन्मार्कच्या नोवो कंपनीने बॅसिलस लायकेनिफॉर्मिसपासून क्षारात टिकणारे ‘अल्कलेज’ काढले आणि धंदा फोफावला. त्याची किंमत आधी कामगारांनी मोजली. कारखान्यांत उडणाऱ्या एन्झाइमच्या धुळीने त्यांना दम्यासारखा त्रास होऊ लागला, १९६९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद झाली, आणि मग एन्झाइमवर लेप चढवून त्याचे दाणे बनवायला सुरुवात झाली.

महाराष्ट्राकडे या कुळाची एक थेट शाखा आहे: बुलढाणा जिल्ह्यातले लोणार. तिथल्या पाण्याचा सामू १०च्या आसपास, म्हणजे पावडर विरघळवलेल्या बादलीइतकाच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या सरोवरातून क्षारप्रेमी जिवाणू वेगळे केले आणि त्यांच्या प्रोटीएजचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. उल्का पडून झालेल्या खड्ड्यातल्या जिवाणूला धुलाईची परीक्षा अवघड वाटायचे कारणच नव्हते. तो जन्मभर सोड्यातच जेवतो.

हळदीपुढे मात्र प्रोटीएज हतबल. हळदीचा रंग म्हणजे प्रथिन नव्हे, त्यामुळे तोडायला काही हातीच लागत नाही. उलट क्षारामुळे डाग लाल होतो. त्यावर उपाय आजीचाच, कपडा उन्हात टाकणे.

आणि एवढे सांभाळा: पावडरीवर उकळते पाणी ओतू नका, त्याने एन्झाइम निकामी होते. पैठणी किंवा लोकरीचा स्वेटर तर या पावडरीत अजिबात भिजवू नका. रेशीम आणि लोकर ही प्रथिनेच आहेत, आणि डाग कोणता व पदर कोणता हे प्रोटीएजला कळत नाही.