भाड्याचं घर कुठे गेलं?

घरांच्या धोरणावर बोलणं निघालं की आपण किमती, कर्जाचे हप्ते आणि अनुदान यांचंच बोलतो. भाडेकरूचा विषय कुणी काढत नाही. 1961 च्या जनगणनेत शहरी भारतातली निम्म्याहून अधिक कुटुंबं भाड्याने राहत होती. 2011 मध्ये हे प्रमाण सुमारे 28 टक्क्यांवर आलं. म्हणजे लोक श्रीमंत झाले असं नव्हे. झोपडी बांधून राहणाराही जनगणनेत 'मालक'च असतो.

हे कसं घडलं ते मुंबईच्या इतिहासात दिसतं. 1896 साली मांडवीत प्लेग आला आणि 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याची पहिली योजना नागपाड्याची होती. रस्ते रुंद झाले, पण जेवढी माणसं उठवली तेवढ्यांना खोल्या मिळाल्या नाहीत. ती शेजारच्याच मोहल्ल्यांत दाटीने शिरली. 1920 नंतर बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. उद्दिष्ट 50 हजार खोल्यांचं होतं, झाल्या सुमारे 16 हजार.

पुढे 1947 चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडं 1940 च्या पातळीवर गोठलं. या कायद्याने गरिबाचं छप्पर टिकवलं, हे विसरू नये. पण मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरवली, भाड्यासाठी नवं बांधणं आटलं आणि खोलीसाठी पगडी मोजावी लागली. 1969 मध्ये जुन्या इमारतींसाठी उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं. डोंगरी-भेंडीबाजारातल्या टेकू लावलेल्या इमारती हा त्याच इतिहासाचा भाग आहे.

1995 च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने 225 चौरस फुटांचं मोफत घर दिलं, पण 1 जानेवारी 1995 पूर्वीचा पुरावा असणाऱ्यालाच. 2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेचा भरही मुख्यतः मालकीवर राहिला.

मला या सगळ्यात एक समान धागा दिसतो. आपल्या धोरणाने आत असलेल्याला कमी-अधिक सांभाळलं, दाराशी उभ्या असलेल्याला नाही. दाराशी कोण उभं आहे? परगावाहून आलेला कामगार, एकटी बाई, दलित, मुसलमान. नाव ऐकताच दलालाचा सूर बदलतो, हे मीही अनुभवलं आहे. भाडेनियंत्रण कायदा घरात शिरलेल्याला संरक्षण देतो. दार उघडलंच नाही, तर त्याचा उपयोग काय?

2012 च्या सरकारी अंदाजानुसार शहरांत 1 कोटी 87 लाख घरं कमी होती. त्याआधीच्या वर्षीच्या जनगणनेत शहरांतली 1 कोटी 10 लाख घरं रिकामी आढळली होती. म्हणजे प्रश्न फक्त विटा-सिमेंटचा नाही. सरकारने स्वतःची भाड्याची घरं बांधावीत, आणि नाव-धर्म पाहून घर नाकारणं कायद्याने गुन्हा ठरवावं. आपल्या मोहल्ल्यांतून पुढाऱ्यांकडे मागणी जायची असेल, तर ती मोफत घराआधी या दोन गोष्टींची जावी.