पिवळ्या पट्टीची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आई आमच्याकडे न्यू जर्सीला आली आणि तिसऱ्याच आठवड्यात न्यूमोनियानं आजारी पडली. पाच दिवस हॉस्पिटलात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले, तर तिच्या मनगटावर नाव आणि जन्मतारखेच्या पांढऱ्या पट्टीशेजारी एक पिवळी पट्टी आलेली. पायात तळव्याला रबरी ठिपके असलेले पिवळे मोजे. दारावर तोल जाऊन पडणाऱ्या माणसाचं पिवळं चित्र. "अगं, या वयात मला हळद लावलीय की काय?" आईनं विचारलं. समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत यमक जुळवलेली इंग्रजी सूचना होती: 'कॉल, डोन्ट फॉल'. उठायचं असेल तर बटण दाबा, एकट्यानं उठू नका.

पुढचे चार दिवस त्या खुर्चीत बसून माझ्याकडे वाचण्याखेरीज काम नव्हतं. त्या पिवळ्या रंगामागे बराच इतिहास आहे, आणि त्याचा एक मोठा भाग आमच्या शेजारच्याच राज्यात घडला.

अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत दरवर्षी सात ते दहा लाख माणसं पडतात, असा सरकारी अंदाज आहे. बरं व्हायला गेलेला माणूस खुब्याचं हाड मोडून घेतो, हे दुखणं जुनं. ते थांबवायचं तर आधी कोण पडेल ते ओळखायला हवं. १९८०च्या दशकात जॅनिस मोर्स यांनी कॅनडात त्यासाठी सहा प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. आधी कधी पडलात का, दुसरा काही आजार आहे का, चालताना कशाचा आधार घेता, सलाइन लावलंय का, चाल कशी आहे, आणि आपल्याला काय झेपतं याचं भान आहे का. प्रत्येकाला गुण. ४५ किंवा त्याहून जास्त झाले की सर्वसाधारणपणे धोका मोठा धरतात. मी आईचे गुण मोजले. मधुमेहाचे १५, सलाइनचे २०, अशक्त चालीचे १०. बरोबर ४५. काठावर पास.

ओळखलं, पण इतरांना कळणार कसं? म्हणून खुणा आल्या. कुठे दारावर पडता तारा, कुठे गळणारं पान, कुठे रंगीत मोजे आणि कुठे मनगटावर रंगीत पट्टी. प्रत्येक हॉस्पिटलानं आपापली खूण शोधली. कुणी कुणाला विचारलं नाही, आणि तिथेच गडबड झाली.

डिसेंबर २००५मध्ये पेनसिल्वेनियाच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेनं एक इशारा प्रसिद्ध केला. एका रुग्णाचं हृदय बंद पडलं, आणि त्याला वाचवायला धावलेली माणसं जवळजवळ थांबलीच होती. कारण त्याच्या मनगटावर पिवळी पट्टी होती. त्या हॉस्पिटलात पिवळ्याचा अर्थ होता 'डी. एन. आर.', म्हणजे हृदय बंद पडलं तर ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नका. पट्टी बांधणारी नर्स जवळच्या दुसऱ्या हॉस्पिटलातही काम करायची. तिथे पिवळ्याचा अर्थ होता 'या हातातून रक्त काढू नका, सलाइन लावू नका'. तिनं त्याच अर्थानं बांधली होती. कुणाच्या तरी वेळीच चूक लक्षात आली आणि तो माणूस वाचला. पुढे राज्यभर चौकशी केली, तर पाचांपैकी जवळपास चार ठिकाणी रंगीत पट्ट्या वापरात होत्या आणि कुठल्या रंगाचा अर्थ काय यावर एकमत नव्हतं.

त्याच सुमारास एक विचित्र भर पडली होती. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या कॅन्सर संस्थेनं २००४मध्ये नाइकीबरोबर पिवळी रबरी कडी काढली आणि ती सगळ्या देशाच्या हातात दिसू लागली. फ्लोरिडातल्या काही हॉस्पिटलांत पिवळं म्हणजे डी. एन. आर.! तिथे दाखल होणाऱ्याला कडं काढायला सांगत, नाहीतर ते टेपनं झाकत. हौसेनं घातलेलं कडं जिवावर बेतू शकलं असतं.

मग राज्याराज्यांत बैठका सुरू झाल्या. पेनसिल्वेनिया, ॲरिझोना आणि त्यांच्या मागोमाग इतर. २००८मध्ये अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशननं सगळ्यांना एकच संच सुचवला: ॲलर्जीला लाल, डी. एन. आर.ला जांभळा आणि पडण्याच्या धोक्याला पिवळा. पिवळा का, तर रस्त्यावरच्या सिग्नलचा पिवळा सगळ्यांना कळतो. सांभाळून.

त्याच वर्षी ऑक्टोबरपासून मेडिकेअरनं सांगितलं, की रुग्ण हॉस्पिटलात पडून हाड मोडलं तर त्या जादा उपचाराचे पैसे आम्ही देणार नाही. माझ्या मते वॉर्ड इतके पिवळे होण्यात रुग्णांच्या काळजीइतकाच या एका नियमाचा हात आहे. खाटेखाटेला अलार्म लागले. रुग्ण हलला की भोंगा. मेम्फिसमध्ये एका हॉस्पिटलाच्या १६ विभागांत त्यांची नीट परीक्षा झाली. २०१२मध्ये निकाल छापून आला: अलार्मचा वापर वाढला, पडणं कमी झालं नाही. पट्ट्यांचंही तेच. १९९४मध्येच मॉन्ट्रिऑलच्या एका पुनर्वसन हॉस्पिटलातला प्रयोग प्रसिद्ध झाला होता. धोका असलेल्या १३४ रुग्णांपैकी निम्म्यांच्या हातात खुणेची पट्टी, निम्म्यांच्या नाही. पट्टीनं कुणाचं पडणं टळल्याचं दिसलं नाही.

हे वाचलं त्याच रात्री आई पडली.

दोन वाजता बाथरूमला जायला उठली, एका हातात सलाइनचा स्टँड. स्टँडचं चाक अडलं आणि ती गुडघ्यावर आपटली. हाड मोडलं नाही. गुडघा मात्र वांग्यासारखा झाला. आई सांगलीजवळच्या शाळेत तीस वर्षं शिक्षिका होती. भिंतीवरची सूचना तिनं पहिल्याच दिवशी वाचली होती, यमकाचं कौतुकही केलं होतं. मग बटण का नाही दाबलं? "एवढ्याशा कामासाठी त्या पोरीला रात्री कशाला उठवायचं?" ती पोरगी रात्रपाळीला होती, टक्क जागी होती. पण घरातसुद्धा कुणाला पाणी न मागणारी बाई परक्या देशात बटण दाबून माणूस बोलावणार कशी? तिच्या अंगावरच्या पिवळ्या खुणा सगळ्यांशी बोलत होत्या, आणि भिंतीवरची सूचना सगळ्या रुग्णांना एकच गोष्ट सांगत होती. तिच्या अडचणीशी कुणी बोललंच नव्हतं.

नेमकी हीच गोष्ट बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलात पॅट्रिशिया डाइक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेरली होती. पडणारा तारा नर्सला एवढंच सांगतो की हा रुग्ण पडेल. काय करायचं ते सांगत नाही. शिवाय अर्ध्या वॉर्डाच्या दारावर तारा असला की तो दिसेनासा होतो. त्यांनी मोर्स यांच्या प्रत्येक प्रश्नासमोर उपायाचं साधं चित्र ठेवलं: वॉकर, आधार देणारं माणूस, खाटेशेजारचं भांडं, सलाइनचा स्टँड. ज्या रुग्णाला जे लागेल तेवढीच चित्रं त्याच्या खाटेवरच्या कागदावर. चार हॉस्पिटलांतल्या १० हजारांवर रुग्णांचा हा अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. दर हजार रुग्णदिवसांमागे पडण्याचं प्रमाण नेहमीच्या विभागांत ४.१८, तर चित्रांच्या विभागांत ३.१५. दुखापती मात्र कमी झाल्याचं दिसलं नव्हतं.

पुढची सुधारणा मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि ती अगदी घरगुती आहे. तो कागद नर्सनं एकटीनं भरायचा नाही. रुग्ण आणि घरची माणसं यांच्यासोबत खाटेशी बसून भरायचा. तुम्ही का पडाल, आणि म्हणून आपण काय करायचं. बॉस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या १४ विभागांत, ३७ हजारांहून जास्त रुग्णांवर हे करून पाहिलं. २०२०मध्ये निष्कर्ष आले: पडणं १५ टक्क्यांनी कमी, दुखापत होणारं पडणं ३४ टक्क्यांनी कमी.

आईच्या वॉर्डात असा कागद नव्हता. सकाळी मी नर्सला विचारलं आणि प्रिंटरमधला कोरा कागद घेतला. त्यावर सलाइनच्या स्टँडचं चित्र काढलं (ते छत्रीसारखं झालं), शेजारी घंटा, शेजारी एक बाई डोळे उघडे ठेवून बसलेली. खाली मराठीत लिहिलं: 'ती जागीच असते. तिचं कामच ते आहे.' आईकडून दोनदा वाचून घेतलं. तिनं 'जागीच'मधल्या माझ्या दीर्घ ईकाराकडे नीट पाहून घेतलं आणि मान डोलावली.

त्या रात्री तिनं तीनदा बटण दाबलं. तिसऱ्या वेळी नर्स आली तेव्हा आईनं तिला शेजारच्या डब्यातली खारी शंकरपाळी दिली.