यंत्राला कुंपण, कामगाराला शब्द : १८८१ ते १९८७

१/ सुरक्षा धोरण, अपघातांची नोंद, सुरक्षा समिती हे शब्द आज कारखान्याच्या सूचनाफलकावर रुक्ष वाटतात. त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८८४ सालीच लेखी मांडला होता : कामावर हात गेला, तर जबाबदारी कोणाची?

२/ त्याआधी तीन वर्षे, १८८१ मध्ये, भारतातील पहिला कारखाना कायदा झाला. धोकादायक यंत्रांना कुंपण घालणे आणि अपघात कळवणे त्याने आवश्यक केले. बालकामगारांचे तास नऊवर आणले. प्रौढांच्या तासांना मात्र मर्यादा नव्हती आणि जखमीला भरपाईही नव्हती.

३/ पुण्यात सुरू झालेल्या ‘दीनबंधू’चे संपादक आणि महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या. तेथील मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० सह्या झाल्या.

४/ साप्ताहिक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार. आणि त्यांच्याबरोबर एक दूरदर्शी मागणी : जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे व कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची तरतूद व्हावी.

५/ रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. नुकसानभरपाईचा कायदा होण्यास १९२३ साल उजाडले. पूर्ण वेतनाची मागणी मात्र त्यातही मान्य झाली नाही.

६/ १९४८ च्या कारखाना अधिनियमाने संरक्षक कठडे, स्वच्छता, प्रथमोपचार आणि तपासणी यांची सविस्तर चौकट घातली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्सचा डिझेल इंजिनांचा कारखाना कोथरूडला उभा राहिला, तो याच चौकटीच्या काळात. परंतु सुरक्षेच्या निर्णयात कामगाराला स्थान देणारे कलम या कायद्यात अद्याप नव्हते.

७/ ते आले भोपाळनंतर. डिसेंबर १९८४ च्या वायुदुर्घटनेने हजारोंचे प्राण घेतले. १९८७ च्या दुरुस्तीने घातक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत आपत्कालीन योजना सक्तीची केली, तसेच कामगार व व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समितीही. समोर दिसणाऱ्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क कामगाराला मिळाला.

८/ लोखंड्यांच्या सभांपासून या कलमापर्यंत १०३ वर्षे गेली. कुंपणाचा नियम कचेरीत बसून लिहिता येतो. उत्पादन वाढवण्यासाठी ते कुंपण कोणत्या पाळीत काढून ठेवले जाते, हे मात्र यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसालाच आधी ठाऊक असते.