जमिनीच्या दप्तरांतील आपले पूर्वज

महोत्सवानिमित्त इगर्जीच्या जुन्या वह्या आम्ही पुन्हां उघडल्या, तेव्हां पुष्कळ कुटुंबांनीं एकच प्रश्न केला: "फादर, आमचें मूळ कोठवर सांपडेल?" बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु यांच्या वह्या हें पहिलें साधन होय, परंतु त्याच्या जोडीस दुसरें एक साधन आहे, तें म्हणजे सरकारी जमिनीचें दप्तर. त्याचा उपयोग कसा करावा व त्यावर विश्वास कितपत ठेवावा, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वसई प्रांत १५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें पोर्तुगीजांस दिला. पुढें १५५४ सालीं सिमांव बोतेल्यु या अधिकाऱ्यानें पोर्तुगीज राज्याच्या उत्पन्नाचा 'तोंबो' तयार केला, त्यांत वसईचाही तपशील आहे. तथापि त्यांत आपला पणजोबा शोधूं जाल तर निराशाच पदरीं येईल. कारण सरकार गांवेंच्या गांवें ठराविक फाळ्यावर बड्या पोर्तुगीजांस लावून देई. दप्तरास ठाऊक तो गांवचा धनी, नांगर धरणारा नव्हे. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली आणि पुढील कारभार मोडी कागदांत गेला.

पेशवाईनंतर आलेल्या इंग्रजी अमलांत मात्र नवी रीत पडली. १८३५ सालीं इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड यानें जी मोजणीची पद्धत सुरू केली, तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालानें बांधले गेले व तीच पुढें मुंबई इलाख्यांत पसरली. प्रत्येक शेतास नंबर, त्याचें क्षेत्र, जमिनीची प्रत, आकार आणि खातेदाराचें नांव, असें लिहिलें जाऊं लागलें. साध्या कुणब्याचें नांव त्याच्या शेतासह कागदावर आलें तें या रीतीमुळें. त्यानंतर १९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्यानें वारसा, खरेदी, गहाण, वांटणी यांचीही नोंद होऊं लागली.

आतां शोधाची वाट सांगतों. प्रथम आजचा सात-बारा घ्यावा. त्यावर नांवांपाशीं वर्तुळांत जे आंकडे असतात, ते फेरफाराचे नंबर होत. ते घेऊन गांव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची वही, पाहावी. तेथें 'अमुक मयत, वारस अमुक' अशी नोंद मिळते. एका नोंदीवरून मागच्या नोंदीकडे, अशा रीतीनें पायरी पायरीनें मागें जावें. जुने कागद मोडींत असतात. ते जाणत्याकडून वाचवून घ्यावे. त्यांत 'बिन' म्हणजे पुत्र व 'कोम' म्हणजे पत्नी, हें ध्यानांत ठेवावें. आमच्या वहींत जो सेबास्तियानुस, तोच कारकुनाच्या लेखणीनें बस्त्यांव झालेला असतो. म्हणून नुसत्या नांवावर न जातां बापाचें नांव, शेताचा नंबर व साल हीं तिन्ही जुळवावीं. कुळांच्या घराण्यांनीं 'इतर हक्क' हा रकाना अवश्य पाहावा. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापूर्वीं अनेकांच्या आजोबांचें नांव तेथेंच असे.

आतां दप्तराची उणीव. एक वृद्ध माता दोन कागद घेऊन आमच्याकडे आली. बापाच्या निधनानंतरच्या फेरफारांत तीन पुत्र वारस लिहिले होते. आम्हीं बाप्तिस्म्याची वही काढली, तों त्याच दांपत्याचीं पांच अपत्यें निघालीं, त्यांत दोन मुली. त्यांपैकीं धाकटी ती समोर उभी होती. ती म्हणाली, "फादर, मला शेत नको, पण मी त्या घरची नव्हतेंच काय?" आम्हांस क्षणभर उत्तर सुचलें नाहीं.

वस्तुतः १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणें मृत्युपत्र न करितां ख्रिस्ती गृहस्थ निवर्तला, तर विधवेस तृतीयांश आणि उरलेलें दोन तृतीयांश मुलगे व मुली यांस सारखें मिळतें. लग्न होऊन गेली म्हणून मुलगी वारस राहत नाहीं असें नाहीं. परंतु घरच्यांनीं जीं नांवें सांगितलीं, तींच वहींत चढलीं. फेरफार हा सारा वाहण्याची जबाबदारी कोणावर, हें सांगणारा कागद आहे. ती वंशावळ नव्हे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेंतही नोंद खरी मानावयाची ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच.

म्हणून दोन्ही वह्या एकमेकींशेजारीं ठेवून वाचाव्या. शेताची वही वाडी दाखविते, इगर्जीची वही सगळीं लेंकरें दाखविते. आमची विनंति एवढीच कीं, हा शोध भाऊबंदकीचें निमित्त होऊं नये. आपापली वंशावळ लिहून तिची एक प्रत इगर्जींत ठेवावी, आणि तींत लेकींचीं व सुनांचीं नांवें माहेरच्या नांवासह लिहावीं. त्या मातेचें नांव तिच्या पुतण्यानें स्वहस्तें आपल्या वंशावळींत लिहिलें, तें आम्हीं पाहिलें आहे. पुढील महोत्सवाच्या वेळीं जो कोणी ती वही उघडील, त्यास ती त्या घरचीच दिसेल.