जखमा : निरंक

देसाईगंज (वडसा) तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद एका आदिवासी मुलीने दिली. दुसऱ्या दिवशी रात्री आठला डॉक्टरांनी तिला तपासलं. त्या तपासणीतलं जे पुढे टिकलं, ते ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्याच्या निकालपत्रात : अंगावर जखम नाही. योनिपटल पूर्वीच फाटलेलं. दोन बोटं सहज जातात. वय चौदा ते सोळा.

दोन बोटांची नोंद त्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही. ती मुलीच्या आधीच्या आयुष्याबद्दलचा शेरा आहे, आणि तोही तकलादू. तरी तो जखमांच्या शेजारी बसला आणि पुराव्याच्या मानाने वावरला. रासायनिक विश्लेषकाला तिच्या योनिस्रावाच्या काचपट्ट्यांवर वीर्य सापडलं नाही. तिच्या कपड्यांवर आणि एका शिपायाच्या पायजम्यावर मात्र सापडलं.

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी धरलं : भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अंगावर खुणा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नसावा, असा अर्थ लावला गेला. डॉक्टरांनी लिहिलं होतं ते फक्त ‘जखम नाही’. ‘संमती होती’ हे न्यायालयाने त्यात वाचलं. वर्षभराने उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राचा रोख याच वाचनावर होता. बलात्काराविषयीचा कायदा १९८३ मध्ये बदलला.

आता रुग्णालयं जखमा ज्या संकेतांकांनी नोंदवतात, त्यांच्याकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत योनिमार्ग व योनिमुखाच्या उघड्या जखमेला ‘एस ३१.४’ आहे, बाह्य जननेंद्रियांच्या मुक्या माराला ‘एस ३०.२’. पण शारीरिक बळाने केलेल्या लैंगिक हल्ल्याला ‘वाय ०५’ हा वेगळा संकेतांक आहे, कारणांच्या प्रकरणात. जखम काय झाली हे एका जागी, कशाने झाली हे दुसऱ्या जागी. ही रचना बिनचूक आहे असं नाही. शिवाय जखमच नसेल तर नोंदणी करणाऱ्याचा हात कारणापर्यंत पोचतोच असं नाही. तरी दोन प्रश्न दोन ठिकाणी विचारले जातात, एवढं तरी ती करते.

त्या दोन बोटांच्या चाचणीला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नाकारलं. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना आल्या. जखम नसली तरी अत्याचार झालेला असू शकतो, धाकामुळे प्रतिकार झाला नसेल किंवा तपासणीला उशीर झाला असेल, हे त्या डॉक्टरांना बजावतात. देसाईगंजच्या मुलीची तपासणी झाली तेव्हा वीसेक तास उलटून गेले होते.