प्रकाशवेग, अवकाश-काल आणि तारापूरची अणुभट्टी

बोईसर स्थानकावर उतरून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्यांना समुद्रकिनाऱ्यावरील अणुऊर्जा केंद्र परिचित असते ते वीजनिर्मितीचे ठिकाण म्हणून. मात्र विसाव्या शतकातील भौतिकशास्त्राचे दोन महान सिद्धांत, आइन्स्टाइन यांचा सापेक्षता सिद्धांत आणि पुंजयामिकी अर्थात क्वांटम मेकॅनिक्स, या ठिकाणी एकाच वेळी प्रत्यक्षात उतरलेले दिसतात. या दोहोंचा पूर्ण मेळ कसा घालावा, हे कोडे अद्याप सुटलेले नाही. अणुरेणूंचे अनिश्चित जग कोठे संपते, आपल्या अनुभवातील निश्चित जग कोठे सुरू होते आणि त्या सीमेशी प्रकाशवेगाचा व अवकाश-कालाचा काही संबंध आहे काय, याविषयी अनेक तर्क मांडले गेले आहेत. त्यातील सिद्ध झालेले किती आणि तर्क किती, याचा हा परिचय.

देशातील पहिले केंद्र

तारापूरच्या पहिल्या दोन संचांनी २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू केली. हे देशातील पहिले अणुऊर्जा केंद्र होय. उकळत्या पाण्याच्या प्रकारातील या संचांची क्षमता मुळात प्रत्येकी २१० मेगावॉट होती. ती पुढे १६० मेगावॉटवर आणण्यात आली. प्रत्येकी ५४० मेगावॉटचे, जड पाण्यावर चालणारे चौथा व तिसरा हे संच अनुक्रमे २००५ आणि २००६ मध्ये कार्यान्वित झाले. त्या वेळी हा परिसर ठाणे जिल्ह्यात होता; १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र पालघर जिल्हा अस्तित्वात आला.

दिवसाला दोन ग्रॅमहून कमी

निर्वातात प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर असतो. वस्तुमानाला या वेगाच्या वर्गाने गुणले की त्यात सामावलेली ऊर्जा मिळते, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये दाखवून दिले. युरेनियमच्या केंद्रकाचे विखंडन होते, तेव्हा त्याच्या वस्तुमानाचा जेमतेम हजारावा भाग ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडतो. ५४० मेगावॉटच्या संचाला सुमारे १,८०० मेगावॉट उष्णता लागते, असे धरून ढोबळ हिशेब केला, तर पूर्ण क्षमतेने चालताना दिवसभरात घटणारे वस्तुमान पावणेदोन ग्रॅमच्या आसपास येते. प्रकाशवेगाचा वर्ग ही संख्या किती प्रचंड आहे, हे यावरून ध्यानात यावे.

कुंडातील निळा प्रकाश

अणुभट्टीतून काढलेले इंधन थंड करण्यासाठी पाण्याच्या खोल कुंडात ठेवतात. अशा कुंडात निळसर प्रकाश दिसतो. पाण्यातून जाताना प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरपर्यंत उतरतो आणि किरणोत्सर्गामुळे वेगवान झालेले काही इलेक्ट्रॉन त्याला मागे टाकतात. त्यातून हा प्रकाश निर्माण होतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ चेरेन्कोव्ह यांनी १९३४ मध्ये त्याचे निरीक्षण नोंदविले, तर फ्रँक आणि टॅम यांनी १९३७ मध्ये त्याची उपपत्ती दिली. या तिघांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘प्रकाशापेक्षा वेगवान कण’ असा या घटनेचा उल्लेख अनेकदा होतो. पण निर्वातातील प्रकाशवेगाची मर्यादा येथेही अबाधितच राहते, हे ध्यानात ठेवायला हवे.

एक अणू आणि अब्जावधी अणू

पुंजयामिकीचा प्रत्यय याच इंधनात येतो. विखंडनातून तयार होणाऱ्या सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे आहे, म्हणजे तेवढ्या काळात त्याचे निम्मे अणू क्षय पावतात. मात्र विशिष्ट एक अणू पुढच्या क्षणी फुटेल की शंभर वर्षांनी, हे कोणालाही सांगता येत नाही. ही अडचण उपकरणांच्या उणिवेची नव्हे. पुंजयामिकीनुसार निसर्गाचा स्वभावच तसा आहे. अल्फा किरणोत्सर्गाची अशी उपपत्ती गॅमो यांनी आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे गर्नी व काँडन यांनी १९२८ मध्ये मांडली.

तथापि, एक ग्रॅम सीझियम-१३७ घेतले, तर त्यात दर सेकंदाला सुमारे ३ लाख २० हजार कोटी अणू फुटतात आणि या आकड्यात होणारा चढउतार साधारण १८ लाखांत एक एवढाच असतो. एकेका अणूच्या बाबतीत पूर्ण अनिश्चितता, पण समुदायाच्या बाबतीत जवळजवळ पूर्ण निश्चिती, असा हा प्रकार आहे.

सीमा कोठे आहे?

मोठ्या संख्येमुळे सरासरी स्थिर होते, हे खरे. परंतु त्याने मूळ प्रश्न सुटत नाही. पुंजयामिकीनुसार एखादा कण एकाच वेळी दोन स्थितींच्या मिश्रणात असू शकतो. मग टेबल, खडू किंवा मांजर अशा मिश्रणात का दिसत नाही? एक उत्तर असे की, भोवतालची हवा, प्रकाश व उष्णता यांच्याशी सतत होणाऱ्या संपर्कामुळे मिश्रणाच्या खुणा अत्यंत वेगाने पुसल्या जातात. जर्मन शास्त्रज्ञ त्से यांनी १९७० मध्ये मांडलेला हा विचार प्रयोगांनी भक्कम झाला आहे. मात्र अनेक शक्यतांपैकी नेमकी एकच का प्रत्यक्षात उतरते, हे त्यातून स्पष्ट होत नाही, असा आक्षेप आहे.

व्हिएन्ना येथील शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये ६० कार्बन अणूंच्या रेणूचे तरंगरूप दाखविले. २०१९ मध्ये सुमारे २,००० अणूंच्या रेणूंबाबतही तसेच आढळले. सीमेची रेषा त्या टप्प्यापर्यंत कोठेही लागली नाही.

अवकाश-कालाचा तर्क

येथे प्रकाशवेग पुन्हा येतो. प्रकाशवेग, गुरुत्वस्थिरांक आणि प्लँकचा स्थिरांक या तीन राशी एकत्र केल्या की एक वस्तुमान मिळते, सुमारे २२ मायक्रोग्रॅम. रेणूंच्या मानाने ते अवाढव्य, तर आपल्या दृष्टीने धुळीच्या कणाएवढे. सूक्ष्म आणि स्थूल यांची सीमा या प्रमाणाच्या आसपास गुरुत्वाकर्षणामुळे पडत असावी काय, अशी शंका त्यामुळे येते. हंगेरीचे कारोलीहाझी यांनी १९६६ मध्ये अवकाश-कालाच्या मूलभूत अस्पष्टतेशी हा प्रश्न जोडला. पुढे डिओशी आणि ब्रिटनचे रॉजर पेनरोज यांनी त्याला वेगवेगळ्या मार्गांनी निश्चित रूप दिले. एखादी वस्तू दोन ठिकाणी असल्यास तिच्याभोवतीचा अवकाश-कालही दोन प्रकारे वाकलेला असणार, अशी स्थिती टिकू शकत नाही आणि वस्तू जितकी जड, तितकी ती लवकर मोडते, असे पेनरोज यांचे म्हणणे आहे.

मुंबई-पुण्यातील काम

या विषयात महाराष्ट्रातील संस्थांचाही सहभाग आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील तेजिंदर सिंग यांनी पुंज-अभिजात सीमेचा प्रश्न दीर्घकाळ अभ्यासला. तरंगफलनाच्या आपोआप होणाऱ्या लयाच्या सिद्धांतांचा आणि त्यांच्या प्रायोगिक कसोट्यांचा सविस्तर आढावा त्यांनी देशी-विदेशी सहकाऱ्यांसह २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. पुण्याच्या ‘आयुका’तील थानू पद्मनाभन (१९५७-२०२१) यांनी, गुरुत्वाकर्षण ही मूलभूत बाब नसून उष्णतेप्रमाणे अधिक सूक्ष्म घटकांतून उद्भवणारी असावी, असा विचार मांडला होता.

कसोटीवर काय टिकले?

हे तर्क केवळ तत्त्वचर्चा राहिलेले नाहीत. तरंगफलन आपोआप लय पावत असेल, तर विद्युतभारित कणांतून अत्यल्प प्रारण बाहेर पडले पाहिजे. इटलीतील ग्रान सास्सो पर्वताखालील प्रयोगशाळेत जर्मेनियमच्या संवेदकाने ते शोधण्यात आले. अपेक्षित प्रारण न आढळल्याने डिओशी-पेनरोज कल्पनेचे सर्वांत साधे रूप बाद झाल्याचे २०२० मध्ये जाहीर करण्यात आले. सुधारित रूपांना मात्र अजून वाव आहे. दोन सूक्ष्म वस्तू केवळ गुरुत्वाकर्षणाने पुंज-गुंतागुंतीत येतात काय, हे तपासणाऱ्या प्रयोगाचे प्रस्ताव २०१७ मध्ये दोन गटांनी मांडले. त्याचे उत्तर ‘होय’ आले, तर गुरुत्वाकर्षणालाही पुंजरूप असल्याचा तो मोठा पुरावा ठरेल.

तारापूरच्या दृष्टीने अर्थ

तारापूर येथे वापरलेल्या इंधनाच्या पुनर्प्रक्रियेची आणि किरणोत्सर्गी कचरा काचेत बंदिस्त करण्याची व्यवस्था आहे. हा कचरा किती काळ सांभाळावा लागेल, याचा हिशेब अर्धायुष्यावर अवलंबून असतो. तीनशे वर्षांत, म्हणजे दहा अर्धायुष्यांत, सीझियम-१३७ सुमारे हजारपट घटते. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य मात्र सुमारे २४,१०० वर्षे आहे. सीमेविषयीचा कोणताही तर्क उद्या खरा ठरला, तरी हे आकडे बदलणार नाहीत, कारण ते प्रत्यक्ष मोजमापातून आलेले आहेत. अमुक अणू अमुक क्षणीच का फुटला, या प्रश्नाचे उत्तर मिळण्याची वाट पाहत असतानाही त्या कचऱ्याच्या रक्षणाची जबाबदारी पुढील पिढ्यांना पार पाडावीच लागणार आहे.